अर्धा गुडघा आणि काळ्या देठाचं अळू

"सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही," असं म्हणत डॉक्टर पद्माकर सबनीसांनी कमलाकरच्या हॉलमधली सगळ्यात उंच खुर्ची पकडली, डावा पाय पुढे लांब केला आणि पँट सावकाश गुडघ्याच्या वर सरकवली. "पण या गुडघ्यावर जे गुदरलं, ते अख्ख्या हॅरोत आजवर कुणाच्या गुडघ्यावर गुदरलेलं नाही."

लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी मंडळींना हे वाक्य नवं नव्हतं. हीथ्रोवरच्या कस्टम्स अधिकाऱ्यानं पद्माकररावांना सलाम ठोकला, ती गोष्ट याच वाक्यानं सुरू व्हायची. मागच्या बागेत येणाऱ्या कोल्ह्याला मराठी समजतं, तीही याच वाक्यानं. पण पद्माकरराव खोटं बोलतात असं म्हणायची रीत नव्हती. "पद्माकर सांगत होता," एवढंच म्हणायचं आणि ज्यानं त्यानं आपापल्या मगदुराप्रमाणे त्यातून वजा करून घ्यायचं.

निमित्त असं, की पद्माकररावांची काठी सुटली होती. ऑपरेशननंतर आधी दोन कुबड्या, मग एक, मग काठी, आणि आता हात मोकळे. त्याबद्दल कमलाकर-मंजिरीनं रविवारी जेवायला बोलावलं होतं. कमलाकर म्हणजे रिटायर्ड डेंटिस्ट. सबनीसांच्या घरापासून दोन दारं सोडून राहणारा. इंग्लंडात नवे आले तेव्हा दोघं हॉस्पिटलच्या एकाच क्वार्टरमध्ये, एकाच तव्यावर जगले होते. मंजिरी त्याची बायको. तिचे दोन्ही गुडघे पूर्ण बदललेले, त्यामुळे या विषयात हॅरोत तिचा शब्द शेवटचा. सोफ्यावर अनय बसला होता. तो इथेच जन्मलेला तरुण भूलतज्ज्ञ. पद्माकररावांना भूल देण्याची वेळ योगायोगानं त्याच्यावरच आली होती. आणि पद्माकररावांच्या पत्नी सुहासिनीबाई किचन आणि हॉल यांच्यात ये-जा करत होत्या. ही ये-जा ध्यानात ठेवा. त्या हॉलमध्ये असल्या की गोष्ट एका वळणानं जाते, आणि किचनमध्ये असल्या की दुसऱ्या.

आता गुडघ्याची गोष्ट गुडघ्यापासून सुरू व्हायला हवी. पद्माकररावांची ती अळवापासून होते. कारण अळू नसतं तर हा माणूस मरेपर्यंत लंगडला असता, पण हॉस्पिटलात पेशंट म्हणून आडवा झाला नसता. उभी नोकरी त्यांनी लोकांना भूल देण्यात घालवली. "काही होणार नाही, निवांत झोपा," हे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की तेच वाक्य आपल्याला कुणी सांगितलं तर त्यावर काडीचाही विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं.

तर अळू. बसनं थोडं पुढे गेलं की भाजीपाला लावायला भाड्यानं मिळणारे जमिनीचे तुकडे आहेत. अलॉटमेंट म्हणतात त्यांना. तिथे इंग्रजांचे बटाटे, पोलिश जोडप्याचा कोबी, गुजराती आजींची पापडी, आणि या सगळ्यांच्या मध्ये पद्माकररावांची मेथी, कोथिंबीर आणि एका चिमुकल्या काचेच्या ग्रीनहाऊसमध्ये काळ्या देठाचं अळू. कंद त्यांनी रत्नागिरीहून लोकरी मोज्यात घालून आणला होता. (सलामाची गोष्ट ती हीच. सलाम वगळून उरलेली खरी असावी.) या अळवाची ख्याती अशी, की ते घशाला अजिबात खवखवत नाही. वेंब्लीच्या दुकानात मिळतं ते हमखास खवखवतं. न खवखवणारं अळू सबंध ब्रिटनमध्ये आपल्या एकट्याकडे आहे, असं पद्माकरराव सांगायचे, आणि त्यांचं हे एकच विधान लोक वजाबाकी न करता मान्य करायचे. ग्रीनहाऊसला मात्र कुलूप होतं. सणावाराला चार पानं मिळत. कंद कुणाला कधीच नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या तुकड्यात? रिटायर झाल्यावर पुरुषमाणसाला स्वतःच्या घरात नेमकं कुठे बसावं ते कळत नाही, एवढं होतं त्यात. सुहासिनीबाईंचं घर इतकी वर्षं त्यांच्यावाचून सुरळीत चाललेलं. ते हॉलमध्ये बसले तर "जरा पाय वर घ्या, व्हॅक्यूम फिरवायचाय". किचनमध्ये उभे राहिले तर "काही हवंय का?" जगात एकच जागा अशी उरली होती, की जिथे त्यांना कुणी पाय उचलायला सांगत नव्हतं. आणि ती जागा जायची वेळ आली होती.

कारण अलॉटमेंटचा नियम कडक. जमीन कसलेली दिसली पाहिजे. उन्हाळ्यात कमिटी पाहणीला येते. तण माजलेलं दिसलं की नोटीस, नोटिशीनंतरही दिसलं की तुकडा गेला वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या माणसाकडे. त्या लिस्टवरचा पहिला माणूस होता कमलाकर. दोघांनी एकाच आठवड्यात अर्ज केले होते. पद्माकरनं सोमवारी, कमलाकरनं गुरुवारी. सोमवारवाल्याला तुकडा मिळून आता त्यात अळवाची तिसरी पिढी नांदत होती. गुरुवारवाला अजून थांबलेलाच. कमलाकरनं त्याबद्दल कधी ब्र काढला नव्हता, आणि म्हणूनच पद्माकररावांना त्याचा संशय जास्त यायचा.

तण काढायला गुडघे टेकावे लागतात. पद्माकरराव टेकायचे, पण मग उठता यायचं नाही. शेजारच्या प्लॉटवरच्या म्हाताऱ्या इंग्रज बाईला हाक मारावी लागायची. ती अतिशय आनंदानं यायची, हे त्यांना जास्त लागायचं. तण वाढत चाललं. म्हणून गुडघा.

"हॉस्पिटलात जायच्या आधी फोनवर मुलाखत असते," पद्माकरराव हॉलमध्ये सांगत होते. "पलीकडे एक मुलगी. मला म्हणाली, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? मी ठणकावून सांगितलं, दहा!"

"तीन म्हणालात तुम्ही," पाण्याचे ग्लास ठेवत सुहासिनीबाई म्हणाल्या.

झालं होतं तेही समजून घ्या. दुखणं आठ होतं; जिना उतरताना नऊ. पण परक्या, गोड आवाजाच्या माणसानं "कसं काय" विचारलं की "ठीक चाललंय" म्हणायचं, हे आपल्या माणसांच्या हाडात असतं. त्यावर चाळीस वर्षांच्या इंग्लंडनं 'नॉट टू बॅड'चा हात मारलेला. तेव्हा पद्माकरराव फोनवर म्हणाले, "नॉट टू बॅड. थ्री, मेबी." किचनमध्ये सुहासिनीबाईंनी गॅस बंद केला.

"तीन? अहो, काल मोजे चढवताना माझ्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार केलात, तो तीनमध्ये बसतो?"

"पहिल्याच फोनवर आपली रडगाणी काय सांगायची? बरं दिसतं का ते?"

तीनवाल्या माणसाला व्यायामाचा व्हिडिओ पाठवतात. पाठवला. त्यात एक तरतरीत बाई खुर्चीवरून उठत होती आणि बसत होती. पद्माकररावांनी तो सोफ्यावर पडून अनेकदा पाहिला, तरी गुडघ्यात काही फरक पडला नाही.

पुष्कळ फोनाफोनीनंतर प्रत्यक्ष तपासणीची वेळ मिळाली, तेव्हा कमलाकरनं सल्ला दिला. "पद्या, आता सभ्यपणा करू नकोस. कार पार्कपासूनच लंगडायला लाग. ते खिडकीतून बघतात."

खिडकीतून बघतात हे पद्माकररावांना एकदम पटलं. कुणीतरी कुठूनतरी आपल्याकडे बघतंय, हे त्यांना नेहमीच पटायचं. गाडीतून उतरल्याक्षणी त्यांनी असं जीव ओतून लंगडायला घेतलं, की एका पोर्टरनं व्हीलचेअर घेऊन धाव ठोकली. फक्त त्या भरात ते लंगडले उजव्या पायानं. दुखरा डावा. सुहासिनीबाईंच्या ते दारातच ध्यानात आलं, पण चारचौघांत नवऱ्याला "अहो, दुसरा पाय" असं ओरडून कसं सांगणार? परतताना पद्माकररावांना स्वतःलाच आठवलं आणि ते डाव्या पायानं लंगडत बाहेर आले. एक्स-रेनं खरं काय ते सांगितलं. डावाच गुडघा ठरला. पण कॉम्प्युटरवर कुणीतरी 'उजवा?' असं टिपून ठेवलेलं पद्माकररावांनी वाकून पाहिलं. पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह त्या दिवसापासून त्यांच्या उशाशी येऊन बसलं.

सर्जन म्हणजे एक लांबलचक, शांत स्कॉटिश गृहस्थ. त्यांनी चित्र दाखवून समजावलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूची गादी पार झिजलीय, बाहेरची बाजू मात्र छान आहे. तेव्हा अख्खा गुडघा बदलायची गरज नाही. अर्धाच बदलू. लवकर भरून येईल, वाकेलही जास्त.

पद्माकररावांतल्या डॉक्टरला हे शंभर टक्के पटलं. पण पद्माकररावांत एक हॅरोकरही होता.

"अर्धाच?" मंजिरी म्हणाली होती. "माझे दोन्ही पूर्ण केले हो, भाऊजी. काही मागावंसुद्धा लागलं नाही. हल्ली सगळीकडे कपात चाललीय म्हणतात, तसंच असेल."

"पूर्ण मागून घे," कमलाकर म्हणाला होता. "मी असतो तर सोडलं नसतं. उरलेल्या अर्ध्यासाठी परत रांगेत कोण उभं राहणार?"

आता पुढचं पद्माकररावांनी हॉलमध्ये सांगितलं नाही. ते तुमच्या-आमच्यात राहू दे. तो सल्ला ऐकून घरी येता येता ते मधल्या एका दाराशीच थबकले. पूर्ण गुडघा म्हणजे सावरायला वेळ जास्त. वेळ जास्त म्हणजे अख्खा उन्हाळा घरात. उन्हाळा घरात म्हणजे तण, तण म्हणजे नोटीस, आणि नोटीस म्हणजे गुरुवारवाला! चाळीस वर्षांची दोस्ती, एकच तवा, आणि हा मनुष्य केवढ्या शांतपणे म्हणतो, पूर्ण मागून घे! पद्माकररावांनी त्याच संध्याकाळी अर्ध्या गुडघ्याला होकार कळवला. लोक सर्जनवर विश्वास ठेवून ऑपरेशन करून घेतात. यांनी मित्रावर संशय घेऊन करून घेतलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मंजिरी वाटी घेऊन आली. वाटीत आंबेहळदीचा लेप, कोमट.

"उद्या कापणारच आहेत, निदान आज सूज तरी उतरू दे."

हॉस्पिटलनं बजावून सांगितलं होतं, दिलेल्या साबणानं आंघोळ करा आणि त्वचेला काहीही लावू नका. स्वतः पद्माकररावांनी नोकरीत असताना असले लेप लावून आलेल्या पेशंटांना फैलावर घेतलं होतं. पण त्यांच्या डोक्यात ते प्रश्नचिन्ह होतं. त्यांनी विचार केला, औषध म्हणून नाही तर नाही, खूण म्हणून काय वाईट? पिवळा तो कापायचा, दुसरा सोडायचा. झोपेत असलेल्या सर्जनलाही कळेल.

लेप लागला. वर जुनं धोतर फाडून बांधलं. एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. त्यांनी सुहासिनीबाईंच्या हातात न पुसणारा मार्कर दिला आणि उजव्या गुडघ्यावर 'नो' लिहायला सांगितलं. सुहासिनीबाई इथल्या प्राथमिक शाळेत शिकवत असत. त्यांना नुसतं 'नो' लिहिणं जड गेलं. त्यांनी सुबक अक्षरात 'नो, थँक यू' लिहिलं.

सकाळी हॉस्पिटलात धोतर सोडलं तेव्हा हळद मुरून गुडघा अस्सल हापूस झाला होता. आयरिश सिस्टर दोन पावलं मागे सरकली. तिनं दुसरीला बोलावलं, दुसरीनं तिसऱ्या कुणाला. कावीळ म्हणावी तर ती एकाच गुडघ्याला कशी? संसर्ग म्हणावा तर वास भाजीचा का? तेवढ्यात भूलतज्ज्ञ म्हणून अनय आला.

"काका, तुमची गुडघा पिवळी का झाली?"

"हळद," पद्माकरराव छताकडे बघत म्हणाले.

अनयनं सिस्टरला इंग्रजीत समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे यांना घरी मुरवत ठेवलं होतं?"

नंबर पहिला होता तो शेवटचा झाला. तेवढा वेळ उपाशीपोटी गुडघा घासून घेणं चाललं. शेवटी सर्जन आले. त्यांनी डाव्या मांडीवर स्वतःच्या हातानं बाण काढला, मग उजव्या गुडघ्यावरचं वाचलं, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाले, "यू आर मोस्ट वेलकम."

"आणि मग," हॉलमध्ये पद्माकरराव जरा पुढे सरकले, "मी काय केलं असेल? पूर्ण झोपायला साफ नकार! म्हटलं, कमरेखालचं बधिर करा, मी जागा राहून देखरेख करणार. सगळं बघितलं. करवत, हातोडा, सगळं. एकदा तर मी सर्जनला पडद्याआडून सांगितलं, दोन मिलिमीटर डावीकडे घ्या. घेतलं त्यानं! थँक यूसुद्धा म्हणाला."

अनयनं चहाचा कप खाली ठेवला. "काका, सॉरी, पण तुम्ही घोरत होता. म्हणजे खूप घोरत होता. सर्जन मला म्हणाला, याची आवाज थोडा कमी कर, माझी करवत ऐकू येत नाही."

"ते मी डोळे मिटून विचार करत होतो," पद्माकरराव म्हणाले. एवढ्या-तेवढ्यानं ते खचणारे नव्हते.

पण घरी आल्यावर जे झालं त्यानं मात्र खचले. कमोडवर बसवायची उंच सीट हॉस्पिटल पाठवतं. नवा गुडघा फार वाकवायला लागू नये म्हणून. ती पार्सलवाल्यानं चुकून दोन दारं पलीकडे दिली. कमलाकरनं पार्सल उघडलं. चुकून, असं तो म्हणतो. आणि भर दुपारी, सगळी गल्ली दारापुढे उन्हात बसलेली असताना, ती पांढरीशुभ्र सीट दोन्ही हातांत उंच धरून तो रस्त्यानं वाजतगाजत आला. "पद्या! दार उघड! तुझं सिंहासन आलंय!" समोरच्या इंग्रज म्हाताऱ्यानं उठून टाळ्या वाजवल्या. एका डॉक्टरची, एका सीनियर कन्सल्टंटची उभ्या गल्लीत ही वरात! पद्माकररावांनी पडद्याआडून ती पाहिली आणि मनातल्या मनात कमलाकरच्या नावापुढे आणखी एक फुली मारली.

मग सुरू झाले ते वरच्या बेडरूमच्या खिडकीतले दिवस. पाय उशीवर, गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी, आणि डोळे रस्त्यावर. आणि त्यांना काय दिसावं? रोज सकाळी कमलाकर घराबाहेर पडतोय. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. हातात पिशवी. परत येतो तेव्हा बुटांना चिखल, आणि पिशवी कधी कधी फुगलेली.

"कुठे जातोस रे रोज?" त्यांनी एकदा फोन करून विचारलं.

"चालायला. शुगर वाढलीय."

चालायला रबरी बूट! हॅरोतल्या फुटपाथवरून! पद्माकररावांना सगळं लख्ख दिसू लागलं. हा माणूस रोज जाऊन आपल्या प्लॉटची मापं घेतोय. तण किती वाढलं ते बघतोय. कमिटीच्या सेक्रेटरीबाईंशी सलगी करतोय. पाहणीचा दिवस जवळ येत होता. सुहासिनीबाईंना त्यांनी प्लॉटवर बघून यायची गळ घातली, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही गुडघ्याकडे बघा. अळू कुठे पळून जात नाही." एवढंच, आणि कपड्यांच्या घड्या करत राहिल्या. बायकोच्या या शांतपणाचाही त्यांना संशय आला. संशय घ्यायला दिवसभर रिकामा वेळ असला की माणूस कुणालाच उपाशी ठेवत नाही.

पाहणी झाली. आणि कमिटीचा निरोप आला, 'प्लॉट उत्तम राखल्याबद्दल आभार.'

हे कसं झालं? इथून पुढचं पद्माकररावांच्याच तोंडून ऐकलेलं बरं, कारण आम्ही त्याची जबाबदारी घेत नाही. तेही थोडे थांबले होते. सुहासिनीबाई पुऱ्या तळायला आत गेल्या, किचनचं दार लागलं, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला.

"हिला माहीत नाही. तुम्हाला म्हणून सांगतो. मी रोज जात होतो."

"कुठे?" कमलाकरनं विचारलं.

"प्लॉटवर! ही सकाळी आंघोळीला गेली की मी कुबड्या घेऊन सटकायचो. बसचा ड्रायव्हर ओळखीचा झाला, माझ्यासाठी थांबून राहायचा. तिथे जायचं, कुबड्या सफरचंदाच्या झाडाला टेकवायच्या, आणि या अर्ध्या गुडघ्यावर," त्यांनी गुडघ्यावर थाप मारली, "बसून तण उपटायचं. मेथीला पाणी, कोथिंबिरीला पाणी. मग ग्रीनहाऊस उघडायचं, अळवाचं एकेक पान पुसायचं."

"आणि वहिनींची आंघोळ व्हायच्या आत परत?" कमलाकरनं अगदी भक्तिभावानं विचारलं.

"शॉवरचं पाणी बंद व्हायच्या आत उशीवर पाय!"

"काका, तुम्हाला तर तेव्हा जिना एकट्यानं उतरायची पण..." अनयनं सुरुवात केली.

"अरे, बोलू दे त्यांना," कमलाकर म्हणाला. "रोज जायचास, पद्या? एकही दिवस खंड नाही?"

"एकही नाही."

"रोज सकाळीच?"

"सकाळीच! त्या वेळी काळं कुत्रं नसतं तिथे. मी, माझं अळू आणि तो कोल्हा. पाहणीच्या दिवशी सेक्रेटरीबाई आल्या, तर मी गुडघ्यावरच होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, डॉक्टर, तुमच्यासारखा माणूस..."

सेक्रेटरीबाई पुढे काय म्हणाल्या ते जगाला कधीच कळणार नाही. कारण त्याच वेळी मंजिरी अळूवड्यांची थाळी घेऊन आली. कुरकुरीत, तिळानं माखलेल्या, वर ओलं खोबरं. पद्माकररावांनी बोलता बोलता एक तोंडात टाकली. दुसरी टाकली. आणि चावता चावता थांबले.

त्यांनी जीभ टाळूवरून फिरवली. घसा खाकरून पाहिला. काहीच नाही. कणभरसुद्धा खवखव नाही.

"वहिनी, हे अळू कुठलं?"

मंजिरीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं. इंग्लंडातल्या हॉलमध्ये पंखा नसतो, म्हणून मग छताकडे.

"वेंब्लीचं," कमलाकर म्हणाला.

"वेंब्लीचं अळू खवखवतं."

"चिंच जास्त घातलीय हिनं."

पद्माकरराव उठले. काठीशिवाय, खुर्चीच्या हाताला न धरता, एका झटक्यात उठले. ते उठणं पाहून सर्जनलाही गहिवरून आलं असतं. ताडताड चालत किचनमध्ये गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात ओट्यावरचा एक देठ होता. हातभर लांब, जाडजूड, काळाभोर.

"काळा देठ!" त्यांनी तो अनयच्या नाकासमोर धरला, जणू कोर्टात मुद्देमाल सादर केला. "अख्ख्या ब्रिटनमध्ये हा देठ एकाच ग्रीनहाऊसमध्ये उगवतो! आणि त्या ग्रीनहाऊसला कुलूप आहे! मला आधीपासून संशय होता. ते रबरी बूट, ती पिशवी, ती शुगर! चाळीस वर्षं एका तव्यावर खाल्लंस, कमळ्या, आणि मी अंथरुणाला खिळलेला बघून माझ्या अळवावर हात मारलास? कुलूप फोडलंस?"

"फोडलं नाही," किचनच्या दारातून सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात झारा होता आणि झाऱ्यात एक टम्म फुगलेली पुरी. "किल्ली मी दिली. आणि यांना सांगू नका म्हणून मीच बजावलं. नाहीतर कुबड्या घेऊन पहाऱ्याला जाऊन बसला असतात."

कमलाकर मान खाली घालून वडीवरचा एकेक तीळ टिपत होता. गुरुवारचा माणूस तो. त्याच्या नखांत अजून माती होती. पद्माकररावांनी ती पाहिली, आणि उगारलेला देठ हळूहळू खाली आला. पण इतक्यात तोंड मिटतील तर ते पद्माकरराव कसले?

"ते काहीही असो," ते म्हणाले. "मी गैरहजर असताना माझ्या प्लॉटवर..."

"भाऊजी," मंजिरीनं त्यांच्या प्लेटमध्ये आणखी दोन वड्या वाढल्या आणि अतिशय गोड आवाजात विचारलं, "हे रोज सकाळी तुमच्या अळवाला पाणी घालायला तिथे होते, आणि तुम्हीही रोज सकाळी तिथेच होतात, मग त्या एवढ्याशा ग्रीनहाऊसमध्ये तुम्ही दोघं एकमेकांना एकदाही दिसला कसे नाहीत हो?"